पाच मिनिटं हसवायची तयारी



स्टँडअप कॉमेडी म्हणजे एका माणसाने माईक हातात घेऊन, उभ्याउभ्या, समोरच्या लोकांना हसवणं. सोबतीला पेटी-तबला नसतो, पडदा नसतो, वेशभूषा नसते आणि वाक्य विसरलं तर सावरून घेणारा जोडीदारही नसतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, राहतो शिरूरला. या जानेवारीत दौंडच्या एका वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात मी हे पहिल्यांदा केलं. वेळ मिळाली होती पाच मिनिटं. तयारीला लागले सात आठवडे. त्या सात आठवड्यांत जे शिकलो, ते वर्गात रोज कामाला येतंय, म्हणून हे लिहितोय.

हे कशासाठी केलं?

आपण सगळे शिक्षक दरवर्षी एक वाक्य म्हणतो. "घाबरू नको, जा स्टेजवर, काही होत नाही." सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट, स्नेहसंमेलन, केंद्रस्तरीय वक्तृत्व स्पर्धा. मुलगा थरथरत असतो, घशाला कोरड पडलेली असते, आणि आपण त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढे ढकलतो. हे वाक्य म्हणायला मला आता वीस वर्षं झाली. पण आपण स्वतः शेवटचे कधी घाबरत स्टेजवर गेलो? सूत्रसंचालन करताना आपण घाबरत नाही. पालक सभेत घाबरत नाही. तिथे आपल्याला बोलायचा अधिकारच असतो.

वाचनालयाच्या मित्रांनी विचारलं तेव्हा त्यांना माझ्याकडून कविता वाचन हवं होतं. मी म्हटलं, कविता नको, पाच मिनिटं हसवायचा प्रयत्न करतो. ते जरा थांबून म्हणाले, "चालेल. पण पाचच मिनिटं बरं का, सर." शिक्षकाच्या हातात माईक दिला की काय होतं, हे त्यांना पूर्वानुभवाने माहीत होतं.

आपल्याकडे हे नवीन नाही

तयारी करताना मी आधी मागे वळून पाहिलं. स्टँडअप हा शब्द इंग्रजी आहे, मोबाईलवर दिसणारा प्रकार शहरी वाटतो, पण लोकांसमोर उभं राहून हसवणारी माणसं आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. दारोदार सोंगं घेऊन फिरणारे बहुरूपी होते. भारुडातून हसवता हसवता कान टोचले जायचे. तमाशात गण, गौळण झाली की वगाच्या आधी बतावणी यायची आणि तिथे सोंगाड्या पाटलापासून सावकारापर्यंत सगळ्यांची फिरकी घ्यायचा. शेजारच्या जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात आजही जत्रांच्या हंगामाआधी तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक सुपारी द्यायला तिथे जातात. आमच्या भागातल्या कितीतरी आजोबांनी विनोदाचं पहिलं शिक्षण जत्रेतल्या कनातीतच घेतलंय. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके ऐन वेळी ताज्या घडामोडींवर कोट्या करत. तीही त्या सोंगाड्याचीच विद्या.

आणि शिक्षकांनी तर अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे. आचार्य अत्रे १८९८ साली सासवडजवळच्या कोडीतला जन्मले. म्हणजे आमच्या दौंडला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यातले. ते पुण्यात कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. पु. ल. देशपांडे यांनीही काही काळ शिकवण्याचं काम केलं, आणि १९६१ पासून 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी केली. द. मा. मिरासदार पुण्यात आधी शाळेत आणि मग महाविद्यालयात शिकवत. व्यंकटेश माडगूळकर आणि शंकर पाटील यांच्यासोबत त्यांनी गावोगाव कथाकथन केलं. 'व्यंकूची शिकवणी' आणि 'शाळेतील समारंभ' या कथा वाचल्या की कळतं, या माणसाने वर्गात बसून किती पाहिलंय! 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग करणारे लक्ष्मण देशपांडे औरंगाबादला प्राध्यापक होते. एकटा माणूस बावन्न पात्रं उभी करायचा.

पुढे २०१४ साली 'चला हवा येऊ द्या' आलं, २०१८ साली 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' आली, आणि मधल्या काळात 'भाडिपा'सारख्या यूट्यूब चॅनलमुळे मराठीत स्टँडअप करणारी पोरं घराघरांतल्या मोबाईलवर दिसू लागली. माझी मुलगी नववीत आहे. तिला हे सगळे कलाकार नावानिशी माहीत आहेत. मी करणार म्हटल्यावर तिने फक्त एवढंच विचारलं, "पप्पा, आमच्या शाळेतलं कोणी येणार नाही ना तिथे?"

वर्गातलं हसू आणि बाहेरचं हसू

तयारीच्या पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. वर्गात सर हसले की मुलं हसतात. विनोद कसाही असो. काही मुलं खरंच हसतात, काही शेजारचा हसला म्हणून हसतात, आणि काहींना ठाऊक असतं की सर खुशीत असले की गृहपाठ तपासायचा राहतो. वर्गातल्या हसण्यात थोडी शिस्त मिसळलेली असते.

कार्यक्रमातल्या प्रेक्षकाला तुमची काहीच पडलेली नसते. तो दिवसभर दुकानात, शेतात, रेल्वेत राबून आलेला असतो. त्याला तुमच्याकडून प्रगतिपुस्तक नको असतं. हसू मागून मिळत नाही आणि दटावूनही मिळत नाही. तो देईल तेव्हाच ते तुमचं.

दुसरा फरक मुलीने दाखवला. मी घरात उभं राहून पहिला विनोद म्हटला आणि सवयीने पुढे बोलत राहिलो. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही शिकवताय." म्हणजे काय, तर विनोद सांगून झाल्यावर मी त्याचा अर्थही सांगत होतो. आपल्या नोकरीचा अर्धा भाग हाच आहे. मुद्दा सांगायचा, पुन्हा सांगायचा, उदाहरण द्यायचं, आणि शेवटी "समजलं का?" विचारायचं. विनोदात हे चालत नाही. शेवटचा शब्द असा हवा की त्याच्या पुढे काही बोलायची गरजच राहू नये. बोलणारे लोक याला पंच म्हणतात. पंच वाक्याच्या शेवटी यायला हवा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे गमतीचा शब्द मध्ये अडकतो आणि "होता", "केलं", "म्हणाला" यात हसू विरून जातं. मग वाक्य फिरवून लिहावं लागतं. व्याकरणाच्या तासाला आपण शब्दक्रम शिकवतो, त्याचा एवढा रोकडा उपयोग मला आधी कधी दिसला नव्हता.

वही, कात्री आणि घड्याळ

मी एक शंभर पानी वही केली. तीन आठवडे फक्त नोंदी. स्टाफरूम, एसटी स्टँड, सलूनचं दुकान, न्हावऱ्याच्या चौकातली चहाची टपरी, लग्नाची पंगत. ज्या ठिकाणी मला स्वतःला हसू आलं, ते एका ओळीत लिहायचं. विनोद म्हणून लिहायचं नाही, घडलं तसं लिहायचं.

तीन आठवड्यांनी लिहायला बसलो तर चौदाशे शब्द झाले. मोठ्याने वाचून पाहिलं, बारा मिनिटं लागली. पाच मिनिटांच्या बोलण्यात हसण्यासाठीही जागा सोडावी लागते, म्हणून चार मिनिटांचंच लिहायचं असं ठरवलं. शेवटी साडेचारशे शब्द उरले. काय कापायचं याचा एकच नियम केला. जे वाक्य गेल्यावर पुढचा विनोद अडत नाही, ते वाक्य गेलं. निबंध तपासताना मुलांना आपण सांगतो, "मुद्देसूद लिही." स्वतःचे साडेनऊशे शब्द कापताना त्या शब्दाचं वजन कळतं.

उरलं त्यात तीन भाग होते. पहिला शाळेचा. त्यातली एक ओळ अशी: "मुलगा वर्गात बसलाय पण पोर्टलवर नाही, तर तो नाही. पोर्टलवर आहे पण गाव सोडून गेलाय, तर तो आहे. याला संतांनी माया म्हटलं, आम्ही ऑनलाईन माहिती म्हणतो."

दुसरा दौंडचा. दौंड हे जंक्शन. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन इथे काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, आणि गाडी आली त्याच दिशेला तोंड करून निघायची. पुढे कॉर्ड लाईन झाली आणि बऱ्याच गाड्यांचं हे थांबलं. त्यावर मी लिहिलं होतं, "दौंड हे असं गाव आहे जिथे भलेभले येतात, पाऊण तास विचार करतात आणि तोंड फिरवून निघतात. मी आज इथे पाच मिनिटांसाठी आलोय, तेवढ्यात कृपया इंजिन काढू नका."

तिसरा भाग बिबट्याचा. त्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला.

बिबट्यावर बोलायचं की नाही?

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. कुकडी आणि चासकमानच्या पाण्यावर शिरूर तालुक्यात ऊस वाढला. ऊस शेतात वर्षभर, कधी दीड वर्षही उभा राहतो. दाट, सावलीचा, पाण्याजवळचा. बिबट्याला यापेक्षा चांगलं घर कुठे मिळणार? कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या, तोडणीच्या वेळी फडात बछडे सापडतात. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे. त्यात शेतीपंपाची वीज पाळीने येते, बऱ्याचदा रात्री. म्हणजे ज्या वेळेला बिबट्या बाहेर पडतो, त्याच वेळेला माणूस पाणी द्यायला बाहेर पडतो. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात हल्ल्यांत माणसं गेली आहेत, लहान मुलंही गेली आहेत. २०२५ च्या शेवटी तर आमच्या तालुक्यात लोक रस्त्यावर उतरले. गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाणारी माणसं सगळ्यांनी फोटोत पाहिली असतील.

माझा कार्यक्रम त्यानंतर दोनेक महिन्यांवर होता. बिबट्यावर बोलायचं नाही म्हटलं, तर या भागात दुसरं बोलण्यासारखं उरत नाही. पारावर तोच विषय, लग्नात तोच, वर्गात तोच. पाच मिनिटं बोलून बिबट्याचं नाव काढलं नाही तर लोक म्हणतील, हे सर बाहेरून आलेत का? आणि बोलायचं म्हटलं, तर समोर कोण बसलंय? ज्याच्या भावकीत कोणी गेलं, तो माणूस तिसऱ्या रांगेत असू शकतो. दौंडही भीमाकाठचं, उसाचंच.

बिबट्यावरचे तयार विनोद भरपूर फिरतात. बहुतेकांत एक घाबरट शेतकरी असतो, तो धोतर सावरत पळतो आणि आपण हसतो. पुण्यात बसून ऐकायला ते बरं वाटत असेल. मी वहीच्या पहिल्या पानावर एक कसोटी लिहून ठेवली: ज्याच्यावर विनोद आहे, तो माणूस पहिल्या रांगेत लेकराला मांडीवर घेऊन बसलाय असं धरायचं आणि मग वाक्य म्हणून पाहायचं. पळणाऱ्या शेतकऱ्याचा एकही विनोद या कसोटीला उतरला नाही. व्हॉट्सॲपवर दुसऱ्याच राज्यातला बिबट्या "आत्ताच आपल्या वेशीवर" म्हणून पाठवणाऱ्या काकांचा विनोद उतरला, कारण ते काका पहिल्या रांगेत असते तर त्यांनी तोही पुढे पाठवला असता.

पण एवढ्याने समाधान होईना. शेवटी मी आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना विचारलं. त्यांची वस्ती उसाला लागून आहे. त्यांचे मालक रात्री पाणी द्यायला जातात. ताई तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "ताई, मला दौंडला लोकांना हसवायला बोलवलंय. बिबट्यावर बोललं तर चालेल का?"

त्यांनी वर न बघताच सांगितलं, "बोला की सर. आम्ही तर रोज बोलतो. त्याच्याशिवाय रात्र जाती व्हय?"

मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली. मालक रात्री निघाले की मोबाईलवर मोठ्या आवाजात हरिपाठ लावतात. आवाजाने जनावर लांब राहतं म्हणे. ताई म्हणाल्या, "बिबट्याला किती कळतंय पांडुरंगाला ठाव. पण आमच्या माणसाला अख्खा हरिपाठ पाठ झाला. सासूबाई तीस वर्षं सांगून थकल्या, ते बिबट्यानं दोन महिन्यांत केलं."

आम्ही दोघं बराच वेळ हसलो. हसू ओसरल्यावर त्या तेवढ्याच साध्या आवाजात म्हणाल्या, "फक्त ज्यांची लेकरं गेली त्यांच्या घरचं काही नको बरं का, सर."

माझा प्रश्न तिथे सुटला. ज्यांची भीती, त्यांच्याजवळ त्या भीतीवरचा विनोद आधीपासून असतो. रात्री अंधारात पाय टाकण्यासाठी त्यांनी तो स्वतःच तयार केलेला असतो. बाहेरून जाऊन नवा विनोद करायची गरज नसते, बसून ऐकायची गरज असते. आणि कुठे थांबायचं, हेही त्यांनाच आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. मी ताईंना विचारलं, "तुमचं नाव घेऊ का?" त्या म्हणाल्या, "नाव नको. हरिपाठ राहू द्या."

सराव

पाठांतर आणि सराव यात फरक आहे. पाठ केलेलं एक वाक्य विसरलं की पुढची दहा वाक्यं जातात. वक्तृत्व स्पर्धेत मुलं मध्येच थांबून छताकडे बघतात, त्याचं कारण हेच. म्हणून मी वाक्यं पाठ न करता टप्पे लक्षात ठेवले. शाळा, पोर्टल, इंजिन, काका, हरिपाठ. पाच शब्द, पाच बोटं. फक्त प्रत्येक विनोदाचं शेवटचं वाक्य शब्दशः पाठ केलं.

सरावाची जागा म्हणजे मोटारसायकल. शाळेला जाता-येता हेल्मेटच्या आत मोठ्याने बोलायचं. ऊसतोडीचा हंगाम, पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, त्यावर कर्णकर्कश गाणी, आणि मागे मी हेल्मेटमध्ये एकटाच बोलून एकटाच थांबतोय, कारण तिथे लोक हसणार आहेत असं धरलंय! घरी मुलगी मोबाईलवर वेळ लावायची. बायको स्वयंपाकघरातून ऐकायची. तिचं हसू हेच माझं मूल्यमापन. ती भाकरी थापायची थांबली की विनोद पास. थापण्याचा आवाज चालूच राहिला की पुन्हा लिहायचा.

शेवटच्या आठवड्यात दोन गोष्टींचा मुद्दाम सराव केला. एक, गप्प राहायचा. विनोद झाल्यावर मनातल्या मनात दोन आकडे मोजायचे. शिक्षकाला वर्गात शांतता झाली की ती लगेच भरून काढायची घाई असते. इथे ती जागा प्रेक्षकाची असते. दुसरं, कोणीच हसलं नाही तर काय करायचं? त्यासाठी एक वाक्य तयार ठेवलं: "हरकत नाही, हा प्रश्न परीक्षेला येणार नाही."

प्रत्यक्ष पाच मिनिटं

त्या संध्याकाळी न्हावरा, चौफुला, पाटस असं करत दौंडला पोचलो. सभागृहात शंभर-सव्वाशे माणसं. पहिल्या रांगेत निवृत्त रेल्वे कर्मचारी, त्यांच्या मागे महिला मंडळ, कडेला राज्य राखीव पोलीस दलातले दोघंतिघं साध्या वेशात, आणि मागे पोरं. माझ्या आधी दोन कविता आणि एक गाणं झालं. हाताचे तळवे ओले, तोंड कोरडं, आणि डोक्यात माझंच वाक्य: "घाबरू नको, काही होत नाही." खरं सांगतो, त्या वाक्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

पहिल्या ओळीला सभागृह गप्प राहिलं. मी परीक्षेचं वाक्य म्हटलं आणि तिथे पहिलं हसू आलं. पोर्टलच्या ओळीला डाव्या कोपऱ्यातले चारपाच जणच जोरात हसले. ते शिक्षक होते, हे सांगायला नको. इंजिनाला पहिली रांग हलली, एक आजोबा तर मोठ्याने म्हणाले, "बरोबर बोलला!" मग बिबट्या म्हटल्यावर सभागृह जरा सावध झालं, ते मला स्टेजवरून दिसलं. मी सावकाश सांगत गेलो. हरिपाठाच्या ओळीनंतर मनात एक, दोन मोजले. हसू आलं ते आधी बायकांच्या रांगेतून, आणि मग मागे पसरत गेलं. संयोजकांनी मोबाईलची बॅटरी दाखवली, म्हणजे एक मिनिट उरलं. मी त्याआधीच थांबलो. शिक्षक वेळेआधी थांबला, याला सगळ्यात मोठी टाळी मिळाली.

कार्यक्रम संपल्यावर एक शेतकरी भेटले. चहाचा कप हातात. म्हणाले, "सर, आमच्या वस्तीवर हरिपाठ नाय, रेडिओ लावतो. बिबट्याला आता कांद्याचा बाजारभाव पाठ असंल." आणि स्वतःच खो खो हसले. मी त्यांना दिलं ते त्यांनी वाढवून परत केलं. यापेक्षा मोठी पावती कोणती असणार!

वर्गात काय केलं?

फेब्रुवारीत सहावीच्या वर्गात "दोन मिनिटं हसवा" असा उपक्रम घेतला. पद्धत सोपी आहे, तुम्हीही घेऊ शकता.

पहिला आठवडा फक्त नोंदी. घरात, शेतात, रस्त्यावर जे पाहून हसू आलं ते एका ओळीत लिहायचं. दुसऱ्या आठवड्यात त्यातली एक गोष्ट निवडून लिहायची आणि मोठ्याने वाचून निम्मी कापायची. तिसऱ्या आठवड्यात जोडीदारासमोर सराव. चौथ्या आठवड्यात वर्गासमोर. मोबाईलवरचे तयार विनोद चालणार नाहीत. कोणाचा रंग, जात, बोलण्यातला दोष, फाटका गणवेश, आईबापाचं काम यावर हसायचं नाही. आणि ती कसोटी फळ्यावर लिहिली: ज्याच्यावर विनोद आहे तो पहिल्या बाकावर बसलाय. स्वतःवर कितीही करा.

जी मुलं वक्तृत्वाला कधी हात वर करत नाहीत, त्यांतली बरीच उभी राहिली. कारण भाषण दुसऱ्याने लिहून दिलेलं असतं, घरची गंमत आपली असते. प्रमाणभाषेची अटही ठेवली नव्हती. घरी बोलतात तसंच बोलायचं. एकीने आजीचं आणि टीव्हीच्या रिमोटचं भांडण सांगितलं. एकाने वडिलांचा नवा चष्मा सांगितला.

मग ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबातला एक मुलगा उठला. हंगामापुरता आमच्या वर्गात असतो. एरवी शेवटच्या बाकावर, हजेरीला "हजर" एवढंच बोलणारा. तो म्हणाला, "मी तिसरा धडा तीन शाळांत शिकलोय. मला तिसरा धडा सरांपेक्षा जास्त येतो. चौथा धडा अजून कुठल्याच शाळेत आला नाही."

वर्ग खळखळून हसला. तोही हसला, आणि हसताना त्याने आजूबाजूला पाहिलं, सगळे आपल्यासोबत हसतायत की आपल्यावर, हे तपासल्यासारखं. सोबत हसत होते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही दोघांनी त्याचा चौथा धडा सुरू केला. वर्षभराच्या हजेरीपत्रकातून आणि माहितीच्या रकान्यांतून मला जे कळलं नव्हतं, ते त्याने तीन वाक्यांत सांगितलं होतं.

पालकांनाही एक विनंती. मुलं घरी काही गमतीचं सांगायला आली की "अभ्यास कर" म्हणण्याआधी दोन मिनिटं ऐका. ती काय पाहतात, कशाला घाबरतात, कोणासोबत हसतात, हे त्या दोन मिनिटांत कळतं. आणि शिक्षक मित्रांनो, वर्षातून एकदा तरी असं काही करा ज्याला जाताना आपलेही तळवे ओले होतील. मी आता मुलांना स्टेजवर पाठवताना "घाबरू नको" म्हणत नाही. "पहिलं वाक्य कोणतं आहे ते मला एकदा सांग" एवढंच म्हणतो. ते वाक्य सांगता सांगता पोरं आपोआप पायऱ्या चढतात.